पगार आधी, इन्सेंटिव्ह नंतर

विक्री करणाऱ्या माणसाचा पगार बेताचा ठेवावा आणि इन्सेंटिव्ह भरघोस द्यावा, असं माझं ठाम मत होतं. पोट भरलेला माणूस दुपारी दोनच्या उन्हात दवाखान्याबाहेर ताटकळत उभा राहणार नाही, असं मी मानत होतो आणि मीटिंगमध्ये तसं बोलूनही दाखवत होतो. औषध कंपनीत एमआर, म्हणजे डॉक्टरांना भेटणारा औषध प्रतिनिधी, म्हणून मी सुरुवात केली. पुढे एरिया मॅनेजर झालो, मग रीजन सांभाळला आणि नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात इन्सेंटिव्हच्या योजना ठरवणाऱ्यांत बसलो. या काळात माझं हे मत हळूहळू उलटं झालं. आज मी म्हणतो, आधी पगार असा द्या की त्यावर घर चाललं पाहिजे. इन्सेंटिव्ह त्यानंतर, तोही थोडा आणि ज्याचा त्याला मोजता येईल असा. मत का बदललं ते सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण जुन्या योजना दर एप्रिलला नवं नाव घेऊन अजूनही निघताहेत आणि त्यांच्या हिशेबात माणसं पिळली जाताहेत.

आधीचं मत हवेतून आलेलं नव्हतं. माझ्या पहिल्या मोठ्या इन्सेंटिव्हमधून आमच्या घरी फ्रिज आला. कष्ट केले की पैसा दिसतो, ही गोष्ट तरुण वयात अंगात भिनते. पुढे मॅनेजर झाल्यावर वाचलेल्या अभ्यासांनीही तेच सांगितलं. त्यातला सर्वांत भक्कम अभ्यास एडवर्ड लेझिअर या अर्थतज्ज्ञाचा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातली सेफलाइट ही कंपनी गाड्यांच्या पुढच्या काचा बसवते. तिनं १९९४-९५ मध्ये कामगारांना तासावर पगार देणं सोडून काचेमागे पैसे द्यायला सुरुवात केली. दर माणशी काम ४४ टक्क्यांच्या आसपास वाढलं. लेझिअर यांनी २००० साली हे प्रसिद्ध केलं आणि माझ्यासारख्या लोकांना हवा तो पुरावा मिळाला. कित्येक सादरीकरणांत मी तो वापरला.

पण त्या अभ्यासात दोन गोष्टी आणखी होत्या, त्यांच्याकडे माझं लक्ष बऱ्याच उशिरा गेलं. एक म्हणजे, वाढलेल्या कामापैकी साधारण निम्माच भाग त्याच माणसांनी जास्त काम केल्याचा होता. उरलेला मुख्यतः चपळ माणसं कंपनीकडे ओढली गेल्यामुळे आणि टिकल्यामुळे आला होता. दुसरी गोष्ट मला आज जास्त महत्त्वाची वाटते. त्या योजनेत कामगाराला तासाची किमान रक्कम हमीनं मिळत होती. काचा कमी बसल्या म्हणून कुणाच्या घरची चूल थांबणार नव्हती. इन्सेंटिव्हच्या बाजूनं मी जो पुरावा मांडत होतो, त्याच्या पायाशी पक्का पगार होता.

आणि मुख्य फरक मोजणीचा. कुठली काच कुणी बसवली यात शंका नसते. एमआरच्या कामात तसं नाही, हे मला मिरजेनं शिकवलं.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉक्टर वॉन्लेस यांच्या मिशन हॉस्पिटलपासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, तिथं लांबून पेशंट येतात. अथणी, रायबाग, चिकोडी, विजयपूर, सगळ्या उत्तर कर्नाटकाचा ओढा मिरजेकडे. तिथं आमचा एक प्रतिनिधी होता. शांत, अभ्यासू, डॉक्टर त्याला आपणहून आत बोलवायचे. औषधाची माहिती विचारली की तो छापील पानावरचं वाचून दाखवत नसे, समजावून सांगायचा. एवढं असूनही त्याचं टार्गेट जेमतेम ऐंशी-पंचाऐंशी टक्क्यांवर अडकायचं आणि इन्सेंटिव्ह शून्य. एकदा मी त्याच्याबरोबर फील्डवर्कला गेलो. एका हृदयरोगतज्ज्ञाच्या ओपीडीत आम्ही बसलो होतो. तो हळू आवाजात म्हणाला, "साहेब, जरा कान देऊन ऐका." बाकांवर बसलेली बहुतेक माणसं कानडीत बोलत होती. मग त्यानं हिशेब मांडला. डॉक्टर आपली गोळी लिहितात, पेशंट पहिली स्ट्रिप मिरजेत घेतो आणि गावी जातो. रक्तदाबाची गोळी, रोजची, जन्मभराची. पुढची सगळी खरेदी अथणीच्या नाहीतर चिकोडीच्या दुकानात. ती विक्री बेळगावच्या स्टॉकिस्टच्या, म्हणजे घाऊक वितरकाच्या, खात्यावर चढते आणि बेळगावच्या प्रतिनिधीच्या टार्गेटमध्ये धरली जाते. त्यानं डायरीत कुठल्या डॉक्टरकडे कुठल्या तालुक्याचे पेशंट येतात ते लिहून ठेवलं होतं. पानंच्या पानं भरलेली.

त्या दिवशी मी त्याला नेहमीचं उत्तर दिलं, की थोडं इकडे जातं, थोडं तिकडून येतं, वर्षअखेर सगळं सारखं होतं. परतीच्या वाटेवर मात्र ती डायरी डोक्यातून जाईना. त्याच वर्षीच्या वार्षिक सभेत बेळगावच्या प्रतिनिधीला मंचावर बोलावून ढाल दिली. तोही कामसू होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण टाळ्या वाजत असताना मला ठाऊक होतं की त्या ढालीतला मोठा हिस्सा मिरजेत कमावलेला आहे, आणि ज्यानं तो कमावला तो मागच्या रांगेत बसला आहे.

हे एकट्या मिरजेपुरतं नाही. औषधांचा घाऊक बाजार जिथं आहे तिथं आसपासच्या जिल्ह्यांतले दुकानदार माल उचलतात. नागपूरच्या गांधीबागेतून निघालेलं खोकं कुठल्या तालुक्यात उघडेल ते सांगता येत नाही. धंद्यात याला इन्फिल्ट्रेशन म्हणतात, सगळ्यांना माहीत असतं आणि मीटिंगमध्ये त्यावर हळहळ व्यक्त होते. पण इन्सेंटिव्ह मात्र जणू प्रत्येक गोळी आपापल्या प्रतिनिधीचं नाव घेऊनच विकली जाते, अशा थाटात मोजला जातो. मोजणी एवढी ढोबळ असताना माणसाच्या घरी जाणाऱ्या रकमेचा चाळीस टक्के भाग तिच्यावर टांगून ठेवणं अन्यायाचं आहे, हे माझ्या मनात तिथं पहिल्यांदा उमटलं.

दुसरा धक्का महिनाअखेरीचा.

आमच्या योजनेत पायऱ्या होत्या. समजा महिन्याचं टार्गेट सहा लाख. पंच्याण्णव टक्के, म्हणजे पाच लाख सत्तर हजार झाले की चार हजार रुपये. शंभर टक्क्यांना आठ हजार. त्यापुढे चढता दर. पंच्याण्णवच्या खाली काहीच नाही. आता अठ्ठावीस तारखेला ज्याचं पाच लाख बासष्ट हजारांवर अडकलंय, त्यानं काय करावं? तीन दिवसांत नव्या डॉक्टरकडून प्रिस्क्रिप्शन येणार नाही. प्रिस्क्रिप्शन ही सवय आहे, ती बसायला महिने लागतात. त्याच्या हातात एकच उपाय उरतो, स्टॉकिस्टच्या दारात जाणं.

सांगलीच्या गणपती पेठेत एका स्टॉकिस्टकडे महिन्याच्या अखेरच्या संध्याकाळी मी बसलो होतो. कपाटांच्या वर, जिन्याखाली, गल्ल्यामागे खोकीच खोकी. आमचा एक तरुण प्रतिनिधी काउंटरला रेलून उभा.

"मालक, एवढं चाळीस हजाराचं बिल घ्या की."

"गेल्या महिन्याचंच वर पडलंय. ते बघ आधी."

"पुढच्या महिन्यात उचलतो, शब्द देतो."

"शब्द तू देतोस. बदली तुझी होती, माल माझ्याकडं राहतोय."

तरी त्यांनी बिल घेतलं. माणूस बरा होता, आणि या पोराच्या घराचा हप्ता महिन्याच्या पाच तारखेला जातो हे त्यांना माहीत होतं. चाळीस हजारांच्या कागदी विक्रीनं आठ हजार मिळाले. पुढचा महिना त्या मुलासाठी खड्ड्यातून सुरू झाला, कारण त्यातला निम्मा माल परत येणार होता. काही खोकी पुढे मुदत संपून एक्स्पायरीत आली, कंपनीनं त्याची क्रेडिट नोट दिली, नष्ट करायचा खर्च वेगळा. म्हणजे जी विक्री झालीच नाही तिच्यावर कंपनीनं आधी इन्सेंटिव्ह दिला आणि नंतर भुर्दंड सोसला. आणि त्या तीन दिवसांत तो मुलगा एकाही डॉक्टरला भेटला नाही.

पॉल ओयर या अर्थतज्ज्ञांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या कारखानदार कंपन्यांचे आकडे तपासून दाखवलं की आर्थिक वर्ष संपताना विक्री फुगते आणि नवं वर्ष लागताच पडते. विक्रेत्यांना आणि वरिष्ठांना ज्या पायऱ्यांवर मोबदला मिळतो त्या पायऱ्यांशी याचा संबंध त्यांनी जोडला. ते वाचताना मला गणपती पेठेतला जिना दिसत होता. आम्ही यावर इतकी वर्षं म्हणत राहिलो की मुलांमध्ये शिस्त नाही. पण पंच्याण्णव टक्क्यांवर कडा तुम्हीच उभी केली असेल, तर तिच्यापाशी येऊन माणूस धडपडणारच. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत केलंही आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी सत्तावन्न फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट. अर्धं शहर पाण्यात, कोल्हापूरकडे शिरोलीजवळ महामार्ग बंद. स्टॉकिस्टांची तळमजल्यावरची गोदामं बुडाली, औषधांचा चिखल झाला. आमचे दोन प्रतिनिधी स्वतः पूरग्रस्त, एकाच्या घरात छतापर्यंत पाणी. तो मंगल कार्यालयातल्या छावणीत आईवडिलांना घेऊन राहत होता. जुलै ते सप्टेंबर ही आमची सर्वांत मोठी तिमाही, पावसाळ्यातल्या तापाची, पोटाच्या तक्रारींची. तिचं टार्गेट बदललं नाही. "अपवाद केला तर सगळेच मागतील," असं वरून उत्तर आलं आणि मला ते खाली सांगावं लागलं. त्या तिमाहीत सांगलीच्या एकालाही इन्सेंटिव्ह मिळाला नाही. पाणी उतरल्यावर त्वचेच्या संसर्गाची आणि लेप्टोस्पायरोसिसच्या भीतीनं अँटिबायोटिकची मागणी वाढली, आणि ज्या दुसऱ्या डिव्हिजनच्या यादीत ती औषधं होती तिच्या लोकांनी टार्गेटच्या कितीतरी वर मजल मारली. त्यांनी काही गैर केलं नव्हतं. पण विशेष काही केलंही नव्हतं.

कोविडमध्ये हेच देशभर दिसलं. पॅरासिटामॉल, झिंक, व्हिटॅमिन सी ज्यांच्या बॅगेत, त्यांना घरबसल्या इन्सेंटिव्ह. दातांच्या, कातडीच्या, शस्त्रक्रियेच्या उत्पादनांचे प्रतिनिधी दोन-दोन तिमाह्या कोरडे. वाट्यानं शेती करणारा शेतकरी पीक बुडालं तर मालकाबरोबर नुकसान वाटून घेतो. आमच्या योजनेत बुडालेल्या पिकाचा सगळा भार वाटेकऱ्यावर होता. ज्या गोष्टी माणसाच्या हातात नाहीत त्यांची जोखीम ज्याच्याजवळ सर्वांत कमी शिल्लक आहे त्याच्यावर टाकायची आणि तिला कामगिरीवर आधारित मोबदला म्हणायचं, हे पुराच्या त्या तिमाहीनंतर मला पटेनासं झालं.

पगाराच्या रचनेचा आणखी एक परिणाम आहे, तो माणूस निवृत्त होतो तेव्हा कळतो. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मिळते: महिन्याचा पगार भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले सेवेची वर्षं. त्यात कमिशन धरत नाहीत. एखाद्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून अठरा हजार आहे आणि सरासरी इन्सेंटिव्ह बारा हजार. घरात तीस हजार येतात, खर्चाची सवय तीस हजारांची. वीस वर्षांनी ग्रॅच्युइटी मिळते अठरा हजारांवर, म्हणजे सुमारे दोन लाख आठ हजार. तेच तीस हजार सगळे पगार म्हणून मिळत असते, तर तीन लाख शेहेचाळीस हजारांच्या आसपास झाले असते. प्रॉव्हिडंट फंडाच्या कायद्यातही कमिशन मूळ वेतनात येत नाही. बँकेत गृहकर्जाला गेलं की मॅनेजर पगाराची स्लिप बघतो, इन्सेंटिव्हकडे फार तर अर्धवट लक्ष देतो. वर्षानुवर्षं आम्ही मुलांना सांगत होतो, पगाराकडे काय बघता, एकूण कमाई बघा. ही एकूण कमाई म्हातारपणी त्यांच्या उपयोगी पडणारी नव्हती.

एमआर मंडळींनी कायद्यासाठी मोठा लढा दिला आहे. त्यातून १९७६ चा विक्री संवर्धन कर्मचारी कायदा आला आणि सुरुवातीला तो औषध उद्योगालाच लागू झाला. लेखी नेमणूकपत्र आणि कामाच्या काळाच्या एक अकरांश इतकी भरपगारी रजा, हे त्यामुळे हक्कानं मिळालं. माझ्या पिढीतल्या मॅनेजरांना तो कायदा म्हणजे युनियनवाल्यांची कटकट वाटायचा. मलाही वाटायचा. आता तो नव्या कामगार संहितांत सामावला आहे आणि या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. वेतन संहितेत कमिशन वेतनाच्या व्याख्येबाहेर आहे, पण वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर वरचा भाग वेतनात धरावा लागतो. भत्ते आणि कमिशन फुगवून पगार बारीक ठेवण्याला कायद्यानं घातलेली ही मर्यादा मला योग्य वाटते.

बाहेर काय घडलं हेही मी लक्ष ठेवून वाचत होतो. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेचं प्रकरण सप्टेंबर २०१६ मध्ये बाहेर आलं. एका ग्राहकाला आठ उत्पादनं विकायची, असं तिथलं ध्येय होतं. ते गाठण्यासाठी कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न सांगता लाखो खाती उघडली. १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना आधीच्या काही वर्षांत काढून टाकलं होतं. एवढी माणसं एकाच वेळी अप्रामाणिक निपजत नाहीत. बँकेनं त्याच वर्षी शाखांमधली विक्रीची टार्गेटं बंद केली.

आमच्या धंद्याला जवळचं उदाहरण ग्लॅक्सोस्मिथक्लाइनचं. २०१२ साली त्यांना अमेरिकेत औषधांच्या गैर प्रचाराबद्दलच्या आणि इतर आरोपांपोटी तीन अब्ज डॉलर भरावे लागले. त्याआधीच, २०११ पासून, त्यांनी अमेरिकेतल्या प्रतिनिधींची वैयक्तिक विक्रीची टार्गेटं काढून टाकली होती. २०१५ पर्यंत ही पद्धत त्यांनी जगभर नेली. प्रतिनिधीचं शास्त्रीय ज्ञान, डॉक्टरांना दिलेल्या सेवेचा दर्जा आणि कंपनीची एकूण कामगिरी यांवर मोबदला. मी त्यावर इतका खूश झालो होतो की इथंही तसंच करावं म्हणून टिपण लिहिलं. पण २०१९ मध्ये त्याच कंपनीनं विशेष आजारांच्या औषधांसाठी काही देशांत विक्रीशी जोडलेला मोबदला पुन्हा आणला. स्पर्धक कंपन्या जास्त पैसे देऊन चांगली माणसं नेतात, हे त्यामागचं एक कारण होतं. तेव्हा इन्सेंटिव्ह मुळातूनच काढून टाकावा असं मी म्हणत नाही. तेवढं एकट्या कंपनीला झेपत नाही, आणि चांगलं काम करणाऱ्याला वेगळं काही मिळावं ही अपेक्षाही रास्त आहे.

ही अपेक्षा मला एका प्रतिनिधीनं तोंडावर सांगितली. या सगळ्या अनुभवांनंतर आम्ही नवी योजना आणली, तेव्हा तो आमचा सर्वांत जास्त विक्री करणारा माणूस होता. म्हणाला, "साहेब, पळायचं मी आणि वाटून घ्यायचं सगळ्यांनी, हे मला चालणार नाही." दोन महिन्यांनी तो स्पर्धक कंपनीत गेला. त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं आणि म्हणूनच योजनेत वैयक्तिक हिस्सा आम्ही ठेवला.

ती योजना अशी होती. पगार वाढवला आणि इन्सेंटिव्ह एकूण रकमेच्या दहा-पंधरा टक्क्यांवर आणला. पायऱ्या काढल्या, पहिल्या रुपयापासून सरळ दर. पाच लाख बासष्ट हजारांना पाच लाख बासष्ट हजारांचे पैसे, त्यामुळे अठ्ठावीस तारखेला स्टॉकिस्टच्या पाया पडायचं कारण उरलं नाही. हिशेब कंपनीनं स्टॉकिस्टला केलेल्या विक्रीवर करायचा नाही. स्टॉकिस्टकडून दुकानदारांना गेलेल्या मालावर करायचा, परत आलेला आणि मुदत संपलेला माल वजा करून, आणि महिन्याऐवजी तिमाहीनं. निम्मा इन्सेंटिव्ह वैयक्तिक, निम्मा शेजारच्या हेडक्वार्टरांचा, म्हणजे शेजारच्या प्रतिनिधींच्या इलाख्यांचा, मिळून. मिरज आणि बेळगाव एका गटात घातले, राज्याची हद्द मध्ये असली तरी. तो मिरजेचा प्रतिनिधी त्या दिवशी फोनवर बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "आता बेळगावच्या दोस्ताला मी स्वतः सांगतो, कुठल्या डॉक्टरचे पेशंट त्याच्याकडे येतात ते." याआधी दोघे एकमेकांना माहिती देत नव्हते, आणि का द्यावी?

सर्क्युलरही बदललं. आधीचं इंग्रजीत, सहा पानांचं, तळाशी बारीक अक्षरांत अटी. नवं एका पानाचं, मराठीत आणि इंग्रजीत, खाली आकड्यांनिशी सोडवलेलं उदाहरण. पूर, संप, औषधाचा तुटवडा, आजारपण यांत टार्गेट आपोआप कमी होईल असा नियम त्यात लिहिला. औषधाचा तुटवडा हा शब्द मुद्दाम घातला. कारखान्यातून माल आला नाही म्हणून प्रतिनिधीचे पैसे कापले जाणं ही आमच्या धंद्यातली सर्वांत जुनी आणि सर्वांत कमी बोलली जाणारी तक्रार आहे.

या सगळ्याबरोबर एक गोष्ट बंद केली, तिला एक पैसाही लागला नाही. रिव्ह्यू मीटिंगमध्ये पडद्यावर नावांची यादी लागायची, टार्गेट झालेले हिरव्यात, न झालेले लाल रंगात. लाल नावाच्या माणसानं उभं राहायचं. "का झालं नाही? या महिन्यात किती कमिट करतोस?" दोन मुलांचा बाप, डोक्याचे केस पिकलेले, पंचवीस-तीस सहकाऱ्यांसमोर आकडा सांगायचा, तो कमी वाटला की पुन्हा विचारायचं. आकडा वाढायचा. तो खोटा आहे हे सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही कळायचं. मी स्वतः तसा उभा राहिलो आहे आणि नंतर इतरांना तसं उभं केलंही आहे. आता मागं पाहताना वाटतं, की पैशाच्या योजनेइतकाच त्या उभं राहण्यानं माणसांचा कामातला जीव काढून घेतला. बक्षीस म्हणून थायलंडची सहल द्या, ढाल द्या, पण वर्षातून बारा वेळा कुणाला चारचौघांत खाली बघायला लावलंत, तर ती सहल काही भरून काढत नाही.

परिणामांबद्दल सांगायचं तर, पहिल्या दोन तिमाह्या विक्री वाढली नाही. वरून विचारणा झाली आणि योजना गुंडाळायची वेळ आली होती. दोन-तीन चांगली माणसं गेली. पण माल परत येणं झपाट्यानं कमी झालं, एक्स्पायरी कमी झाली, आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांची रांग ओसरली. एमआर बदलला की डॉक्टरशी असलेली ओळख शून्यापासून सुरू होते, त्यामुळे माणूस टिकणं ही आमच्याकडे विक्रीच असते. ती पुढच्या वर्षी आकड्यांत उतरली. तरी याचं सगळं श्रेय योजनेला देता येणार नाही. त्याच वर्षी आमचं एक नवं औषधही चांगलं चाललं होतं.

औषधाच्या धंद्यात या प्रश्नाला एक पैलू जास्तीचा आहे आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. साबण विकणाऱ्यानं जास्त साबण विकला तर ग्राहकाच्या घरी साबण पडून राहील. आमच्याकडे जे विकलं जातं ते आजारी माणूस गिळतो आणि कुठलं गिळायचं ते त्यानं ठरवलेलं नसतं. पंच्याण्णव टक्क्यांच्या कडेवर लटकलेला प्रतिनिधी डॉक्टरसमोर औषधाचे दुष्परिणाम किती मोकळेपणानं सांगेल? केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये औषध विपणनाची एकसमान संहिता काढली. डॉक्टरांना भेटवस्तू देण्यावर तिनं बंदी घातली आणि प्रतिनिधीच्या वर्तनाची जबाबदारी कंपनीवर टाकली. हे चांगलं झालं. पण प्रतिनिधीला ज्या कारणानं खोटं बोलावंसं वाटतं ते कारण त्याच्या पगाराच्या स्लिपमध्ये बसलेलं असेल, तर संहिता भिंतीवर राहते.

आता पुन्हा एप्रिल येईल. इन्सेंटिव्हची सर्क्युलरं लिहायला बसणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे. तुमच्या सर्वांत लहान हेडक्वार्टरच्या सर्वांत नव्या मुलाला समोर बसवा, त्याच्या हातात मागच्या वर्षीचे त्याचे आकडे आणि तुमची नवी योजना द्या आणि त्याला त्याचा इन्सेंटिव्ह स्वतः काढायला सांगा. त्याला तो काढता आला नाही तर योजना परत लिहा. इन्सेंटिव्हचा एक पैसाही मिळाला नाही तरी त्याचं घरभाडं, किराणा आणि मुलांची फी पगारातून भागते का ते विचारा. भागत नसेल तर आधी पगार वाढवा. आणि कुठं पूर आला, तर तिथलं टार्गेट त्याच आठवड्यात कमी करा, कुणाला अर्ज करायला लावू नका.